केशरबाईचा चौथा ब्लॉक

भगवंतरावांनी आईचा फोटो नुसता काढून काचेत बसवला असता, तर ही गोष्ट सांगायचं काही कारण नव्हतं. आईने मागितलं होतं तेवढंच. पण मागितलं तेवढंच देईल तो हेडक्लार्क कसला? एका ओळीच्या अर्जाला चार पानी उत्तर लिहिण्यात ज्याची एकोणीस वर्षं गेली, त्याच्या हातून साधी गोष्ट साधी राहत नाही.

केशरबाई अमरावतीच्या बाजारात फुलं विकायची. झेंडू, शेवंती, मोगऱ्याचे गजरे. मुलगा हेडक्लार्क झाला, त्याने सिमेंटचं घर बांधलं, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, तरी म्हातारी रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन त्या पाटीखालूनच बाहेर पडायची. भगवंतरावांना ते खटकायचं. तिला तसं सांगायची मात्र त्यांची छाती नव्हती.

एकसष्ट सालची दिवाळी जवळ आली होती. केशरबाई अंगणात हार ओवत बसली होती आणि मान वर न करताच म्हणाली, "भगवंता, माहा एक फोटो काढ."

"आता कावून गं?"

"तुह्या बापाले जाऊन बावीस वर्सं झाले. त्याचा एकबी फोटो नाई. आंधी डोये मिटले का दिसे तो मले. आता नाई दिसत. आवाज याद हाय, चाल याद हाय, तोंडच गेलं कुठी तं." तिने सुई हारात खोचून ठेवली. "माह्यं तसं नको व्हाले, बापा. मी मेल्यावर जशी हाय तशी दिसली पायजे तुमाले."

भगवंतराव तिच्याशेजारी खाली बसले आणि टोपलीतली फुलं एकेक करून तिच्या हातात देऊ लागले. ते मनापासून होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या हातून जे घडलं त्यावरून कुणालाही ते खरं वाटणार नाही.

आता दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी आईला स्टुडिओत घेऊन गेला असता आणि आठ दिवसांत मोकळा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी भगवंतराव सही घ्यायला साहेबांच्या खोलीत गेले आणि भिंतीवर त्यांना एका तेलाच्या गिरणीचं कॅलेंडर दिसलं. त्यावर हातात समई घेतलेली एक गोरीपान बाई होती. ती बाई तिथे वर्षभर होती, पण भगवंतरावांना ती त्या दिवशी दिसली. त्यांच्या मनात आलं, या जागी आई का नको? फोटो काय, घरी येईल त्यालाच दिसणार. कॅलेंडर साहेबांच्या खोलीत लागेल, कोर्टात लागेल, धामणगावला सासुरवाडीत लागेल. आईचा मान होईल आणि कॅलेंडर काढणाऱ्या मुलाचंही नाव होईल. खाली लिहायचं, 'आमच्या मातोश्री केशरबाई'. रंगीत. दोनशे प्रती.

हा बेत त्यांनी प्रथम शेजारच्या खुशालरावांना सांगितला. खुशालराव म्हणजे निवृत्त तलाठी. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही असा विषय त्यांना आयुष्यात भेटलेला नव्हता. ते म्हणाले, "अमरावतीत छापून घेऊ नका जी. अथी लग्नाच्या पत्रिका आन् तेरवीचे कागद एकाच शाईनं छापतात. अकोल्याले जा. तथी ओमप्रकाश म्हून एक हाय, त्याच्या परेसात रंगाची मशीन आली हाय. आन् एक सांगतो, रंग उजय ठेवा. कॅलेंडर उजय असलं म्हंजे घराले शोभा येते."

केशरबाईला गोवर्धन फोटोग्राफरकडे नेलं. गोवर्धनने पावडरचा डबा पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू द्या जी. गिऱ्हाईक मले वयखन नाई मग." हिरवं लुगडं नेसून, मांडीवर झेंडूची टोपली घेऊन ती खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्याकडे असं पाहू लागली, जणू तो भाव पाडून मागतो आहे. गोवर्धन जुन्या वळणाचा कारागीर होता. काळ्यापांढऱ्या फोटोवर तो हाताने रंग भरायचा, आणि रंग भरायला त्याने केशरबाईला पुन्हा एकदा समोर बसवून घेतलं. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके, गालावरच्या सुरकुत्या, सगळं त्याने जागच्या जागी ठेवलं.

भगवंतरावांनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आई इतकी काळी आहे का हो?"

"आहेत," गोवर्धन म्हणाला. "तुम्ही रोज घरी पाहता."

 फोटो घेऊन भगवंतराव अकोल्याला गेले. ओमप्रकाश हा गोलमटोल, गोड बोलणारा गृहस्थ होता, आणि बोलताना तो शाईने रंगलेल्या बोटांचा हात छातीवर ठेवायचा. त्याने समजावून सांगितलं, "देखो भगवंतरावजी, रंगीत फोटो असा डायरेक्ट छापत नाही. त्याचे चार ब्लॉक बनतात. पिवळा, लाल, निळा आणि काळा. एकावर एक छापले की माणूस तयार. ब्लॉक बंबईला बनतील. माझ्या पत्त्यावर मागवू?"

"नको. माझ्या नावाने बडनेऱ्याला मागवा," भगवंतराव म्हणाले. "मी स्वतः सोडवून आणीन."

याला काहीही कारण नव्हतं. अकोल्याचे ब्लॉक अकोल्याला उतरले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मुंबईहून रेल्वेने आपल्या नावाची बिल्टी येते आहे, ती दाखवून आपण माल सोडवतो आहोत, हे चित्र भगवंतरावांना फार आवडलं.

बिल्टी आली. भगवंतरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, धुतलेला कोट घातला आणि बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात हजर झाले. तिथला कारकून शालिकराम हा त्यांच्याच जातकुळीचा, म्हणजे नियमाचा माणूस होता. त्याने बिल्टी पाहिली, माल पाहिला, पुन्हा बिल्टी पाहिली.

"बिल्टीवर नग एक हाय. माल नग दोन हाय."

खोक्याला सुतळीने एक लहान पुडकं बांधलेलं होतं. वाटेत सुतळी तुटली होती. शालिकरामच्या दृष्टीने एकाचे दोन झाले होते. भगवंतरावांनी खोकं उघडून पाहिलं, आत 'पिवळा', 'लाल' आणि 'निळा' अशा चिठ्ठ्या लावलेले तीन ब्लॉक होते. तेव्हा पुडक्यात काळा असणार हे उघड होतं.

"दोन्ही माझेच आहेत," ते म्हणाले.

"असतीन जी. पण दुसऱ्याले बिल्टी नाई. मुंबईवरून चिठ्ठी आना, मंग घेऊन जा. आठ-पंधरा दिवसाचं काम हाय. नाई तं एक नग घ्या, आन् दुसरा माहा नाई असं लिहून द्या. माह्यं रजिस्टर मोकयं होते."

पुडक्याचा कागद एका कोपऱ्यात फाटला होता. भगवंतरावांनी तो जरा आणखी फाडला आणि लाकडी ठोकळ्यावर जडवलेला तांब्याचा पत्रा खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. आधी काही दिसेना. मग एकदम दिसलं. कपाळाचं गोंदण, हनुवटीचे ठिपके, डोळ्यांखालच्या घड्या, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी नजर. उलटी होती, पण आई होती. बाकीच्या तीन ठोकळ्यांवर नुसते धूसर ढग होते. आई या एकट्यावर होती.

इथे भगवंतरावांनी काय करायला हवं होतं हे तुम्हाला कळतं, मला कळतं, आणि खरं म्हणजे त्यांनाही कळत होतं. पंधरा दिवस थांबायचं होतं, बस्स. पण त्यांना साहेबांच्या खोलीतली समईवाली आठवली. रंग उजळ ठेवा, हे खुशालरावांचं सांगणं आठवलं. सासूबाई रुख्मिणीबाईंचा केतकी रंग आठवला, आणि लग्नात त्यांच्याशेजारी उभी राहिलेली आपली आई आठवली. त्यांच्या मनात आलं, काळाच तर आहे. नसला म्हणून काय अडतं? शिवाय आपण काही मुद्दाम करत नाही, रेल्वेचा नियमच आहे. नियमाच्या आड उभं राहायची सवय एकोणीस वर्षांची होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि झोकदार अक्षरात लिहून दिलं, 'सदरहू दुसरा नग माझा नाही.' खाली सही, तारीख.

ओमप्रकाशने तीन ब्लॉक पाहून विचारलं, "काळा?"

"तो आला नाही."

"चलेगा," ओमप्रकाश म्हणाला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा धर्म होता.

त्याचा दुसरा धर्म असा, की प्रत्येक रंग छापला की त्याचं प्रूफ गिऱ्हाइकाला पाठवायचं. पहिलं प्रूफ बसने अमरावतीला आलं ते नुसत्या पिवळ्या रंगाचं. पिवळी केशरबाई, पिवळं लुगडं, पिवळी टोपली. हा पहिला थर आहे, अजून दोन चढायचे आहेत, हे ओमप्रकाशने लिहिलं नाही, कारण चार ब्लॉकांचं सगळं आपण समजावलं आहे असं त्याला वाटत होतं. पण तो समजावत होता तेव्हा भगवंतरावांचं निम्मं लक्ष बिल्टीकडे होतं, त्यांना वाटलं, हेच कॅलेंडर.

खुशालराव चष्मा लावून म्हणाले, "बाईले कावीय झाली काय?"

भगवंतरावांनी लगेच कचेरीच्या भाषेत कळवलं, 'पिवळा रंग अतिशय झाला आहे. तो निम्म्याने कमी करणेत यावा.' ओमप्रकाशला वाटलं, इतक्या ठामपणे लिहितात म्हणजे यांना छपाईतलं कळत असणार. त्याने शाईत पांढरं मिसळून पिवळा निम्म्यावर आणला आणि वर लाल छापून दुसरं प्रूफ पाठवलं. त्यात केशरबाई तांबडीलाल होती.

"आता कोनासंग तरी भांडून राह्यल्या," खुशालराव म्हणाले.

'तांबडा रंगही निम्म्याने कमी करणेत यावा.'

तिसऱ्या वेळी निळा चढला आणि खुशालरावांनी बाईला साप चावला असल्याचं निदान केलं. भगवंतरावांनी लिहिलं, 'निळा शक्य तितका कमी करणे. एकंदर रंग उजळ राखणे.' ओमप्रकाशने सगळं तंतोतंत केलं. इतका आज्ञाधारक छापखानेवाला वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि नसेल तर बरंच आहे.

नव्या वर्षाच्या तोंडावर गठ्ठा आला. भगवंतरावांनी दोरी कापली. वरच्या प्रतीवर एक गुलाबी, नितळ, तुळतुळीत बाई पोपटी लुगडं नेसून मांडीवर लिंबांची टोपली घेऊन बसली होती. झेंडूची लिंबं झाली होती. गोंदण नव्हतं, सुरकुत्या नव्हत्या, आणि नजर कुठेच नव्हती. बाई सुखवस्तू दिसत होती. आणि हे सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण पहिल्या क्षणी भगवंतरावांना आनंद झाला.

रविवारी घरीच छोटा समारंभ ठेवला. साहेब आले, कचेरीतली चार माणसं आली, खुशालराव तर सकाळपासून आलेलेच होते. भगवंतरावांच्या बायकोने, सत्यभामाने, सगळ्यांना चिवडा आणि चहा दिला. प्रत्येकाच्या हातात कॅलेंडर होतं. चित्राखाली ठसठशीत अक्षरात 'आमच्या मातोश्री केशरबाई' असं छापलं होतं. तेवढं मात्र काळ्या शाईत होतं.

एवढ्यात केशरबाई बाजारातून आली. रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि साहेबांना नमस्कार केला. भगवंतरावांनी कॅलेंडर तिच्या हातात दिलं. तिने ते जवळ धरलं, लांब धरलं, मान वाकडी करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांना येत होतं.

"धामनगावच्या ईहीनबाई ना ह्या?" ती कौतुकाने म्हणाली. "लय साजऱ्या दिसून राह्यल्या."

 साहेबांनी चहाची बशी तोंडाला लावली. सत्यभामा दारात उभी राहून नवऱ्याकडे पाहत होती. खुशालरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. 'अगं आई, तूच आहेस ती', एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणावं तर साहेबांसमोर आईच विचारणार, 'मी कुठी अशी हाय?' मग उत्तर काय द्यायचं?

"हो," भगवंतराव म्हणाले.

"चांगलं केलं. सासूचा मान ठेवला." तिने कॅलेंडर आपल्या खाटेजवळच्या खिळ्याला अडकवलं. उरलेल्या शेवंतीतलं एक फूल त्यावर ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आन् माहा फोटो कवा येनार?"

"येतो आहे. रंग चालू आहे."

त्या दिवसापासून हा प्रश्न दर आठ-पंधरा दिवसांनी येऊ लागला, आणि केशरबाई रोज एक फूल विहीणबाईंना वाहू लागली. सत्यभामा एकदाच म्हणाली, "माह्या मायच्या नावानं तुमी तुमच्या मायले फसवून राह्यले," आणि मग त्या विषयावर बोलली नाही. ती बोलली असती तर भगवंतरावांना जरा सोपं गेलं असतं.

शेवटी त्यांनी मूळ फोटोच आईला द्यायचं ठरवलं. ओमप्रकाशला लिहिलं, ओमप्रकाशने मुंबईला लिहिलं, आणि मुंबईचं उत्तर आलं, 'मूळ फोटो चौथ्या ब्लॉकसोबत त्याच पुडक्यात ठेवला होता.' भगवंतराव गोवर्धनकडे धावले. गोवर्धन म्हणाला, "निगेटिव्हच्या काचा मी वर्षाच्या शेवटी धुतो आणि फ्रेमवाल्याला देतो. तुम्ही म्हणाला होता, आता कॅलेंडरच निघतंय."

"मग आईला पुन्हा आणतो."

पण केशरबाई पुन्हा यायला तयार होईना. संक्रांतीला तिळाच्या वडीवर तिचे पुढचे दोन दात गेले होते. "तोच आन," ती म्हणायची. "त्याच्यात माहे दात हायेत."

फाल्गुनात भगवंतराव बडनेऱ्याला गेले. पुडकं फळीवर तिथेच होतं, धूळ खात. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यांनी मुंबईची चिठ्ठी पुढे केली. शालिकरामने रजिस्टर उघडून त्यांचाच कागद त्यांच्यापुढे धरला. "तुमीच लिहून देल्लं जी, माहा नाई म्हून. आता वरच्या हापिसात अर्ज करा लागते."

अर्ज हा भगवंतरावांचा प्रांत होता. त्यांनी चार पानी अर्ज केला. महिन्याभराने वरून एक छापील कागद आला. त्यात एकच रकाना भरायचा होता: 'सदर माल आपला असताना आपला नसल्याचे प्रथम लिहून देण्याचे कारण.'

भगवंतराव तो कागद घेऊन टेबलाशी बसले. 'नजरचुकीने' असं लिहून त्यांनी खोडलं, कारण नजर चुकली नव्हती. उजेडात तिरपं धरून नीट पाहिलं होतं. 'घाईमुळे' लिहिलं, तेही खोडलं. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर लिहू शकणारा हा माणूस त्या बोटभर रकान्यापुढे रोज बसायचा आणि उठायचा. मग कागद खणात गेला. उद्या भरू म्हणत चैत्र गेला, वैशाख गेला.

भाद्रपदात, गणपतीच्या गर्दीत शेवटच्या दिवसापर्यंत हार विकून केशरबाई घरी आली ती तापानेच. आठवड्याने गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "आला काय रे फोटो?" भगवंतराव म्हणाले, "उद्या आणतो, आई." ती म्हणाली, "आन. भितीले लाव. पोरायले दिसन."

दहावा झाल्यावर त्यांनी खणातला कागद काढला आणि एका दमात रकाना भरला: 'माझ्या आईच्या रंगाची मला लाज वाटली.' सही केली, तारीख घातली आणि तो घेऊन स्वतः बडनेऱ्याला गेले. शालिकरामने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग त्याने उठून भगवंतरावांसाठी स्टूल आणलं.

"बसा जी," तो म्हणाला. "बेवारशी मालाचा लिलाव झाला मांगच्या महिन्यात. तांब्याचा होता ना, भंगारवाल्यानं नेला. कागद-फोटो काय असन तं त्यानं फेकला असन." रजिस्टर मिटून तो म्हणाला, "हे आंधी लिहिलं असतं तं मी तसाच देऊन टाकला असता."

तेरवीला बाजारातली पंचफुला माळीण आली. तीस वर्षं केशरबाईच्या शेजारी ती फुलं विकायला बसत होती. ओंजळभर झेंडू घेऊन ती घरभर पाहत राहिली. खाटेजवळच्या खिळ्याला कॅलेंडर होतं, त्यावर वाळलेली शेवंती होती. पंचफुलाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली.

"केशरचा फोटो नाई काय भाऊ? फुलं कुठी ठेवू?"

"नाही," भगवंतराव म्हणाले. "काढायचा राहिला."

तिने फुलं रिकाम्या टोपलीत ठेवली. भगवंतराव टोपलीशेजारी बसले आणि निदान आपल्याला तरी आई आठवावी म्हणून त्यांनी डोळे मिटले. आवाज आठवला. टोपली डोक्यावर चढवताना ती द्यायची तो हेलकावा आठवला. मग त्यांनी चेहऱ्याकडे पाहायचा प्रयत्न केला, आणि मांडीवर लिंबांची टोपली घेतलेली ती गुलाबी बाई समोर येऊन बसली.